नारिंगी खोपटं आणि मोठा पडदा

कोरीन बाक्केचं कॉम्प्युटरशी सकाळी नऊला जे वाजलं, ते साडेअकरा झाले तरी मिटलं नव्हतं. स्टोरविक गावाच्या सभागृहामागे कारकुनाची खोली आहे, तिथे टेबलाखाली तो काळा डबा बसलेला असतो. कोरीन अकरा वर्षं गावाची कारकून. एवढ्या वर्षांत तिने कुणावर आवाज चढवला नव्हता. आज मात्र ती त्या डब्याला लाथ मारायच्या बेतात होती.

कारण टोरवाल्ड स्लेटन बाहेर सभागृहात येऊन बसला होता.

टोरवाल्डचं वय एक्क्याण्णव. स्टोरविकला दर हिवाळ्यात तळ्याच्या बर्फावर एक जुनं लाकडी खोपटं नेऊन उभं करतात. कधीकाळी ते कुणाच्या तरी परसातला संडास होतं. आता त्याला नारिंगी रंग फासलाय आणि आत घड्याळ टांगलंय. वसंतात बर्फ फुटून खोपटं बुडालं की घड्याळ थांबतं. ते कोणत्या दिवशी, किती वाजून किती मिनिटांनी थांबेल याचा अंदाज सगळा गाव मार्चमध्येच लिहून देतो. ज्याचा अंदाज सर्वांत जवळचा, त्याचं नाव सभागृहातल्या फळीवर रंगवतात. टोरवाल्डने एकसष्ट वर्षं अंदाज लिहून दिला होता आणि त्या फळीवर गावातल्या दोन कुत्र्यांची नावं होती, पण त्याचं नव्हतं.

यंदा त्याने लिहिलं होतं : एकोणीस एप्रिल, दुपारी दोन वाजून वीस मिनिटं. आज एकोणीस एप्रिल होती. बर्फ काळा पडला होता, कडेने पाणी दिसत होतं, आणि खोपटं सकाळपासून डावीकडे कललेलं होतं. सगळा गाव घडीच्या खुर्च्या घेऊन काठावर गेला होता. टोरवाल्डची चाकांची खुर्ची मात्र त्या चिखलात चार पावलंही गेली नसती.

म्हणून कोरीनने शब्द दिला होता. तळ्याकाठच्या खांबावरचा कॅमेरा थेट तिच्या कॉम्प्युटरला जोडलेला होता. चित्र फक्त तिथेच दिसायचं, आणि तेही वीतभर पडद्यावर, टोरवाल्डच्या खुर्चीला न शिरता येणाऱ्या खोलीत. पण सभागृहात भिंतभर टीव्ही होता. खोलीतलं चित्र तारेशिवाय टीव्हीवर पाठवायचं, की झालं. “बटण दाबायचा अवकाश,” असं तिने महिन्याभरापूर्वी छातीठोकपणे सांगितलं होतं. टोरवाल्ड म्हणाला होता, “वा, छानच होईल.”

आता ते बटणच सापडत नव्हतं.

“कोपऱ्यात बघ,” व्हर्डेल क्विस्ट म्हणाला. व्हर्डेलने तीस वर्षं टेलिफोन कंपनीचे खांब चढण्यात घालवली होती, त्यामुळे जगातल्या कुठल्याही यंत्राबद्दल त्याला मत होतं. “उजव्या कोपऱ्यात. माझ्या भावाच्या कॉम्प्युटरवर तिथेच असतं.”

“तुझ्या भावाचा लॅपटॉप आहे.”

“असेल. पण कोपरा तर कोपराच ना?”

कोपऱ्यात आवाज होता, तारीख होती, प्रिंटरची जुनी तक्रार होती. वायरलेस डिस्प्ले नव्हता. कोरीनने सेटिंग्जमध्ये शोधलं. टीव्ही बंद करून चालू केला, मग कॉम्प्युटर बंद करून चालू केला, मग दोन्ही एकदम. शेवटी कुठल्याशा यादीत ‘वायरलेस डिस्प्ले’ अशी अक्षरं दिसली तेव्हा तिने टाळीच वाजवली. ‘जोडा’ म्हणून बटण दाबलं. वीस मिनिटं निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत राहिली, दोघं तिच्याकडे डोळे लावून बसले, आणि पट्टी भरल्यावर कळलं की ही सोय दुसऱ्यांचं चित्र या कॉम्प्युटरवर आणायची आहे. इथलं चित्र बाहेर पाठवायचं असेल तर तिचा काडीचा उपयोग नाही.

“म्हणजे आपण दार बसवलं, पण ते आत उघडणारं,” व्हर्डेल म्हणाला.

“व्हर्डेल, तू गप्प बसलास तर मी तुला लिंबाच्या वड्या देईन.”

“किती?”

त्याने वड्या खाल्ल्या, पण गप्प काही बसला नाही. उलट टेबलाखाली शिरून त्याने डब्याचं झाकण उघडलं आणि टॉर्च मारला. बराच वेळ आतून नुसतं हुं हुं ऐकू येत होतं.

“कोरीन,” तो खालूनच म्हणाला, “हा कॉम्प्युटर निवडला कुणी?”

“समितीने. आणि सगळ्यांत साधा घ्या असं तूच म्हणाला होतास. तार असताना बिनतारी थेरं कशाला, हे तुझे शब्द. सभेच्या वहीत लिहिलेत मी, काढून दाखवू?”

खालचा टॉर्च विझला.

“नको,” व्हर्डेल म्हणाला. “त्यांनी माझं ऐकलं बरं का. यात वायरलेसचं कार्डच नाही. इंटरनेट येतं तेही भिंतीतल्या तारेतून. याला तोंडच नाही, तर हा टीव्हीशी बोलणार कसा? तू वर्षभर बटण शोधलंस तरी मिळायचं नाही.”

कोरीनने डोक्याला हात लावला. तिला टोरवाल्डला तोंड दाखवायची लाज वाटत होती. पुढच्या वर्षी बघू, असं एक्क्याण्णव वर्षांच्या माणसाला कुठल्या तोंडाने सांगायचं?

“मागे खोचायचं एक बोटभर कार्ड मिळतं,” टेबलाखालून बाहेर येत व्हर्डेल म्हणाला. “कौंटीच्या मुख्य गावी दुकानात असेल. जायला पस्तीस मैल, यायला पस्तीस.”

“पावणेएक वाजलाय.”

“म्हणून तर निघालो.” आणि त्याची पिकअप चिखल उडवत गेलीसुद्धा. चूक आपली आहे हे व्हर्डेल तोंडाने कधी कबूल करत नसे, पण अशा वेळी गाडी मात्र जोरात हाणायचा.

कोरीन सभागृहात आली. लुएला हाउगे कॉफीच्या मोठ्या भांड्यापाशी उभी होती. गावात बारसं असो की मयत, कॉफी लुएलाची. टोरवाल्ड गुडघ्यांवर जाड घोंगडी घेऊन काळ्या टीव्हीसमोर सरळ बसला होता. पडद्यात त्याला स्वतःचीच टोपी दिसत असणार.

“थोडा वेळ लागतोय,” कोरीन म्हणाली.

“लागू दे की. मला कुठे जायचंय?”

“कॉफी घेता?”

“नको, नको. उगाच त्रास.”

“भांडं भरलेलं आहे. घ्या ना.”

“नाही गं, खरंच नको.”

“अर्धा कप तरी घ्या, टोरवाल्ड.”

“बरं, ओतलीच असेल तर दे.”

कोरीनने कप भरला. तो त्याच्या हातात देता देता ती थबकली.

स्टोरविकमध्ये कुणी पहिल्यांदा विचारल्यावर हो म्हणत नाही. ते हावरटपणाचं. दुसऱ्यांदाही म्हणत नाहीत, कारण समोरचा कदाचित रीत म्हणून विचारत असेल. तिसऱ्यांदा विचारलं तर मात्र त्याला मनापासून वाटतंय असं धरायचं, आणि मग कुरकुरत, उपकार केल्यासारखं हो म्हणायचं. हे इथे कुणी कुणाला शिकवत नाही. आईच्या दुधाबरोबरच येतं.

“लुएला,” कोरीन हळूच म्हणाली, “आपण टोरवाल्डना तळ्यावर न्यायचं विचारलं होतं ना?”

“विचारलं की. मार्चमध्ये मी विचारलं, मग चर्चच्या पायरीवर तू विचारलंस. दोन्ही वेळा नको म्हणाले.”

“आणि मग?”

“मग तू त्या टीव्हीचं काढलंस.” लुएलाच्या हातातला चमचा थांबला. “अगं बाई.”

महिनाभर आपण काय करत होतो? कोरीनला स्वतःचा असा राग आला की कान तापले. म्हातारा तिसऱ्या प्रश्नाची वाट बघत बसला, आणि आपण त्याच्यासमोर टीव्ही आणून ठेवला! ती त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसली.

“टोरवाल्ड, तुम्हाला तळ्यावर नेऊ का?”

त्याने कॉफीचा घोट घेतला. छताकडे पाहिलं. खिडकीबाहेर पाहिलं.

“तुमचा एवढाच आग्रह असेल,” तो म्हणाला, “तर माझी काही हरकत नाही.”

आणि त्याने घोंगडी बाजूला केली. खाली बर्फातले जाड बूट होते, नाड्या पक्क्या बांधलेल्या. लोकरी विजार होती. खिशातून हातमोजे डोकावत होते. सकाळी सातपासून गडी तयार होऊन बसला होता.

लुएलाला हसूही आलं आणि रडूही, आणि तिने दोन्ही एकदमच उरकून घेतलं.

चाकांचा प्रश्न होताच. पण कोरीनच्या गाडीत मागे तिची मासेमारीची घसरगाडी पडलेली होती, बर्फावरून सामान ओढायची, उंच काठांची, टबासारखी. दोघींनी तीत खुर्चीवरच्या गाद्या टाकल्या, टोरवाल्डला दोन्ही बगलांत धरून आत बसवलं आणि घोंगडीत गुंडाळलं. सभागृहामागचा उतार अर्धा ओल्या गवताचा, अर्धा उरल्यासुरल्या बर्फाचा. कोरीन पुढून दोरी ओढत होती, लुएला मागून धरत होती.

“जड आहे का गं मी?” टोरवाल्डने विचारलं.

“छे,” लुएला धापा टाकत म्हणाली.

“मासे भरून आणायचो तेव्हा याहून जड असायची. ओढ, पोरी, ओढ!”

काठावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी गहिवरलं नाही. स्टोरविकची ती पद्धत नव्हे. “आज वारा आहे जरा,” एक जण म्हणाला, “आहे खरा,” दुसरा म्हणाला, आणि पन्नास माणसांनी आपापल्या खुर्च्या उचलून अगदी पुढची जागा मोकळी केली.

टोरवाल्ड खोपट्याकडे बघतच नव्हता. त्याने डोळे मिटले होते. वितळत्या बर्फाच्या सुट्या झालेल्या सुया वाऱ्याने एकमेकींवर घासल्या जात होत्या आणि सगळ्या तळ्यातून बांगड्या किणकिणल्यासारखा आवाज येत होता. मधूनच खोल कुठेतरी गडगडल्यासारखं व्हायचं. कॅमेऱ्याला डोळा होता, कान नव्हते, हे कोरीनच्या आत्ता ध्यानात आलं.

“आल्मा म्हणायची, हे ऐकलं की हिवाळा संपला असं समजायचं,” तो म्हणाला. आल्मा त्याची बायको. तिला जाऊन चार वर्षं झाली होती. “चार वर्षांत ऐकलं नव्हतं मी.”

कोरीनने त्याचा हातमोजा घट्ट धरला.

दोन वीस झाले. खोपटं हललं नाही. दोन एकवीस. बासष्टाव्या वेळी टोरवाल्ड स्लेटन हरला, आणि गावातल्या सगळ्यांनी सभ्यपणे दुसरीकडे पाहिलं.

तेवढ्यात कोरीनचा फोन वाजला. व्हर्डेल ओरडत होता. “मिळालं! कार्ड खोचलं आणि पर्याय आपोआप आला, कोपऱ्यातच! मी म्हटलं नव्हतं, कोपरा म्हणून? भिंतभर चित्र आलंय, काय झकास! पण तुम्ही सगळे आहात कुठे? टोरवाल्ड कुठेय? बोलाव त्याला लवकर!”

“तुझ्यासमोरच्या टीव्हीवर बघ,” कोरीन म्हणाली. “अगदी पुढे, टबात बसलेत ते.”

“हे कसं…” व्हर्डेल म्हणाला, आणि मग, “थांबा, मी येतो.”

वारा बोचायला लागला होता. टोरवाल्डचं नाक लाल झालं होतं. त्याची वेळ टळून गेली होती. खोपटं आज बुडेल की परवा, कोण सांगणार?

“टोरवाल्ड, आत नेऊ का आता?”

“नको.”

“गारठाल. सभागृहात कॉफी आहे, टीव्हीही चालू झालाय. चला ना.”

“नको.”

कोरीनने या वेळी चूक केली नाही. ती वाकली, त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि नीट, मनापासून तिसऱ्यांदा विचारलं. “टोरवाल्ड, नेऊ तुम्हाला आत?”

त्याने डोळे उघडले. अख्ख्या काठाला ऐकू जाईल अशा आवाजात, स्टोरविकमध्ये आजवर कुणी काढला नव्हता अशा आवाजात तो म्हणाला, “नको म्हणतोय ना! मला इथेच बसायचंय!”

काठावरच्या सगळ्या माना एकदम वळल्या. मग कुणीतरी खुसकन हसलं आणि ते हसू खुर्च्या ओलांडत पार टोकापर्यंत गेलं. टोरवाल्डही हसत होता. त्याने अंग चोरून घेतलं, गादीवर हाताने थोपटलं आणि शेजारी वीतभर जागा केली, आणि कोरीन त्याला दुसऱ्यांदा विचारायला न लावता आत जाऊन बसली.