अनुमोदक कोण?

वर्षभर माझ्या सेंटरवर लोकांचे नोकरीचे, पासपोर्टचे ऑनलाइन फॉर्म भरता भरता मी युद्धाच्या बातम्या बघत होतो आणि फणफणत होतो. शेवटी ग्रामसभेत उभा राहिलो आणि ठराव वाचला: परदेशातलं हे युद्ध आणि ते लादणारे नेते, दोघांचाही आमचं हिवरखेड गाव निषेध करतं.

टाळ्या पडल्या. ग्रामसेवकाने पेन उघडलं. "सूचक गजेंद्र. अनुमोदक कोण?"

टाळ्या थांबल्या.

"पोट्ट्याईचे पासपोर्ट अटकतीन ना बापा," कोणीतरी पुटपुटलं.

"नुसतं नाव द्याले भेता?" मी भडकलो. "तिकडचं मिसाइल हिवरखेडले येते काय?"

मला बसवेना. मी सतरंजीच्या कडेने येरझाऱ्या घालू लागलो.

तेवढ्यात वच्छलाकाकू उठली. तिची मुलगी दामिनी युद्ध चाललंय त्याच देशात एका म्हाताऱ्याला सांभाळायच्या नोकरीवर आहे आणि चार दिवसांपासून तिचा फोन नाही. मला वाटलं, आता काकू ठराव मागे घ्यायला लावणार.

"अनुमोदक म्हनून माहं नाव लिहा," ती म्हणाली. "पन ठरावात आखीन एक ओळ टाका."

"सांग काकू!" मला जोर चढला. "अजून झोडू त्या नेत्याईले."

"नेत्याईचं झालं. तिकडं लढाई पेटली असतानी माह्या पोरीचा फारम कोनं भरला, थेही लिहा."

ग्रामसेवकाचं पेन थांबलं. "नाव?"

काकूने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नाव तं वरच हाय," ती म्हणाली. "सूचक म्हनून."