एकाच फेऱ्याचं कुलूप

हे मी कुणालाच सांगायचं नव्हतं. किल्लीचं कामच मुळी गप्प राहण्याचं. पण आज सकाळपासून बाई दर दोन मिनिटांनी पर्समध्ये हात घालून मी आहे ना ते चाचपून बघतायत. आता सांगितलं नाही तर मला गंजच चढेल.

मी शाळेच्या वाचनखोलीची किल्ली. पितळेची, बोटभर लांब. मूळ किल्ली हरवली तेव्हा कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्यानं मला कानशीनं घासून तयार केलं. घाईत माझा एक दात जरा जास्तच घासला गेला. म्हणून मला दोन फेरे द्यावे लागतात. एका फेऱ्यातही 'खट्' वाजतं, कुलूप लागलं असंच वाटतं; पण दारावर जरा भार दिला की ते उघडतं. हे फक्त बाईंना आणि मुख्याध्यापकांना ठाऊक; वाचनखोली बाईच सांभाळतात. मी हरवू नये म्हणून त्यांनी मला लाल लोकरीचा गोंडा बांधला. मला तो फार आवडतो, हे मी आजवर कुणाला बोलले नाही.

रोजचा शेवटचा तास वाचनाचा असायचा. सातवीतली एक मुलगी सगळ्यांच्या आधी दाराशी हजर. ती ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत वाचायची. एका पानाला तिला इतरांच्या तिप्पट वेळ लागायचा. तास संपला की ती बाईंना विचारायचीच, "बाई, पुढं काय होतं?" वर्गानं तिचं नावच 'पुढंकाय' ठेवलं.

"ए पुढंकाय, पुढं घंटा होते!" मुलं ओरडायची. तीही हसायची.

मग राज्याकडून एक जाड पुस्तिका आली. कोणत्या इयत्तेत मुलांना काय काय यायलाच हवं, त्याची यादी. "यादीत वाईट काही नाही," बाई म्हणाल्या, "निम्मं तर आपण शिकवतोच." पण यादीमागून चाचणी आली. सगळ्या राज्याला एकाच दिवशी, एकच. प्रश्नाखाली चार गोल, त्यातला एक काळा करायचा. आमची शाळा दोन वर्षं सरासरीच्या खाली राहिली. मग पत्र आलं: यंदाही खाली राहिली, तर शाळा बंद होईल आणि मुलांना मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत जावं लागेल.

त्या दिवसापासून शाळेला जणू खाज सुटली. कुणी एका जागी बसेना. चित्रकलेचा तास गेला, मग खेळाचा, मग वाचनाचा. माझ्या खोलीत सराव-प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे आले. पुस्तकांची कपाटं भिंतीकडे तोंड करून उभी केली, आणि मला दिवसातून वीस वेळा फिरवू लागले.

सरावात आठ ओळींचा उतारा असायचा, खाली चार प्रश्न. एकदा उताऱ्यात एक बाई होडीत बसते, वादळ येतं, आणि उतारा संपतो. पुढंकायनं कागद उलटून पाहिला. शेजारणीचाही पाहिला.

"बाई, ती बुडते का?"

"ते विचारलेलं नाही गं. होडीला समानार्थी शब्द कोणता, तो गोल काळा कर."

"पण बुडते का?"

वेळ संपली तेव्हा तिचे चारही गोल पांढरे होते. दर आठवड्याला असंच. उत्तरं तिला येत नव्हती असं नाही. तिला आधी गोष्ट पुरी व्हायला हवी असायची.

चाचणीच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापक वाचनखोलीत आले. मी दाराला लटकत होते, म्हणून ऐकलं.

"बाई, ती एक मुलगी नसली ना, तर आपण काठावर तरतो. मी तीनदा हिशेब केलाय."

"सर, ती आपलीच मुलगी आहे."

"आणि पहिलीतली पोरं कुणाची आहेत? त्या रस्त्यावरून ट्रक कसे जातात, बघितलंयत? मी रोज सकाळी तिथं उभा राहून बघतो." त्यांनी हातातल्या हिशेबाच्या कागदाची घडी घातली. "तिला मी घरीच राहायला सांगितलंय."

सर वाईट नाहीत. मला राग यायला हवा होता, पण नीट येईना.

दुसऱ्या दिवशी पुढंकाय वेळेआधीच आली. तिची आई दवाखान्यात नर्स आहे. तिनं म्हणे कपाळाला हात लावून बघितला आणि म्हणाली, "ताप नाही, काही नाही, घरी बसून काय करणार? जा शाळेत."

सर तिला वाचनखोलीत घेऊन आले. एक कपाट फिरवून पक्ष्यांचं मोठं पुस्तक त्यांनी स्वतः काढून दिलं. "आज तू हे वाच. अगदी शेवटपर्यंत." तिचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. मग सर बाईंना हळूच म्हणाले, "कुलूप लावा. तपासणीवाले आलेत, ही बाहेर दिसायला नको."

बाईंनी मला फिरवलं. खट्. सर निघून गेले. मी दुसऱ्या फेऱ्याची वाट बघत राहिले. बाईंनी मला काढून मुठीत घेतलं.

तासाभरानं आतून आवाज आला. "बाई, पक्षी समुद्रापलीकडे पोचले. पण माझा पेपर कुठंय?" ती दाराला टेकली असावी. दार उघडलं. ती गोंधळून बाहेर आली, बाईंकडे बघितलं, आणि थेट परीक्षेच्या वर्गात गेली. दुसऱ्या शाळेतून आलेल्या पर्यवेक्षकानं घड्याळ पाहिलं. "चाळीस मिनिटं उरलीत बाळ. बस." सर दारापर्यंत धावत आले. पण परक्या माणसासमोर तिला उठवणार कसं?

तिनं किती गोल काळे केले, कुणास ठाऊक.

"दोन फेरे दिले होते ना?" सरांनी संध्याकाळी विचारलं.

"विसरले असेन, सर," बाई म्हणाल्या. त्यानंतर दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलतात.

आज निकाल आलाय. बंद लिफाफा माझ्या खोलीतल्या कपाटात आहे आणि अकरा वाजता सगळ्या पालकांसमोर उघडायचाय. आवारात माणसं जमलीत. नुसत्या चपलांचा आवाज येतोय. लिफाफ्यात वाईट निघालं तर बोटं कुणाकडे वळतील ते मला कळतं. वाचनखोलीच्या दाराशी पुढंकाय उभी आहे, नेहमीसारखी सगळ्यांच्या आधी. तिला अजून वाटतं की त्या दिवशी आपल्या हातून कुलूप मोडलं. काल ती बाईंना म्हणाली, "शाळा बंद झाली तर माझ्यामुळे ना?" बाई तिच्या डोक्यावरून हात फिरवून निघून गेल्या.

उत्तर मला देता येईल. पोरी, ऐक. कुलूप मोडलं नव्हतं. बाई विसरल्याही नव्हत्या. त्यांचा अंगठा दुसऱ्या फेऱ्यासाठी माझ्यावर टेकला होता, आणि मग त्यांनी दाराकडे, तू आत बसली होतीस तिकडे बघितलं आणि स्वतःशीच पुटपुटल्या, की

"बाई! अहो बाई, किल्ली आणा! अकरा वाजले!"