करड्या फ्रॉकमधल्या दोघी

शाळेतून आल्या आल्या नातीने पिशवी पालथी केली आणि शिलाई मशीनवर एक करडा फ्रॉक टाकला.

"आजी, कमरेत सैल होतोय. जरा आत घेशील? परवा घालायचाय."

आजीने कापडाला बोट लावलं आणि चटका बसावा तसं मागे घेतलं. असं खरखरीत कापड तिने लहानपणानंतर पुन्हा कधी हाताळलं नव्हतं. अशा फ्रॉकच्या कॉलरची कड मानेला कशी कापते, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"हा कुठून आणलास?"

"शाळेच्या माळ्यावर पेटी सापडली, तिच्यात होता. शाळेला शंभर वर्षं झाली ना! इतिहासाच्या बाई जगभरातले गणवेश दाखवणार आहेत. खलाशांसारख्या कॉलरचे, काळे झगे, टाय, सगळं. आणि शेवटी आपल्या शाळेचा पहिला गणवेश. तो मी!" नातीने तिथेच एक गिरकी घेतली. "बाई म्हणाल्या, पूर्वी कितीतरी ठिकाणी गणवेश म्हणजे गरीब मुलांचे कपडे असायचे. दान देणारे शिवून द्यायचे, स्वस्तातला रंग लावून. श्रीमंतांच्या शाळांनी ते नंतर उचलले. गंमत आहे की नाही?"

"मोठी गंमत," आजी म्हणाली आणि उगाचच मशीनमध्ये तेल घालायला लागली.

आजी त्याच शाळेत शिकली होती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. म्हणून तर मुलाने हट्टाने पोरीला तिथे घातलं होतं. पण आजीने सांगितलं होतं ते अर्धंच. उरलेलं अर्धं पोटात ठेवून तिने संसार केला, मुलाचं लग्न केलं, सुनेला हाताशी धरून घर चालवलं.

"हा शाळेचा नव्हता," ती अखेर म्हणाली. "शाळेच्या मागे बालगृह होतं, तिथला. शाळेच्या मुलींना निळा. आम्हाला करडा."

'आम्हाला' तोंडातून निसटलं, आणि नात गिरकी घेता घेता थांबली.

मग आजीला सांगावंच लागलं. आई गेल्यावर बापाने दोघी बहिणींना तिथे आणून सोडलं. "थोडे दिवस" म्हणाला आणि गेला. धाकटीला सगळे चिमणी म्हणत. तिने रोज एकच धोशा लावला, बाबांकडे जाऊ. एका दुपारी दोघी स्वयंपाकघराच्या दाराने बाहेर पडल्या. बाजारसुद्धा ओलांडता आला नाही.

"कुणी पाहिलं?"

"सगळ्यांनीच. पळून आलात का, हे विचारायचीही गरज पडली नाही कुणाला. अंगावर करडा फ्रॉक होता ना. पाववाल्याने हाताला धरून परत आणलं. माणूस चांगला होता गं, वाटेत दोघींना पाव दिला. चिमणीने खाल्लासुद्धा." आजी जराशी हसली, पण हसू टिकलं नाही. "दोघी एकत्र असल्या की पळतात, असं ठरलं. तिला दुसऱ्या बालगृहात पाठवलं. कुठे, ते सांगितलं नाही. मोठी झाल्यावर मी खूप शोधलं. पत्ताच लागला नाही."

नातीच्या डोळ्यांत पाणी तरळलं. "मी नाही घालत हा."

"घाल. नाही म्हणालीस तर कारण विचारतील. आणि हे आपल्या दोघींतच हं. तुझ्या बाबालाही नको."

आजीने फ्रॉक कमरेत आत घेतला. टीप दोनदा वाकडी गेली.

समारंभाच्या दिवशी मुलगा आणि सून तिच्या दोन्ही बाजूंना बसले होते. एकेक गणवेश येत होता, मुलं ऐटीत वळून दाखवत होती, पालक फोटो काढत होते. शेवटी नात आली. मुख्याध्यापिका माइकवर म्हणाल्या, "आणि हा आपल्या शाळेचा पहिला गणवेश!"

नातीने गिरकी घेतली नाही. ती सरळ माइककडे गेली.

"हा शाळेचा गणवेश नाही," नात म्हणाली. "मागच्या बालगृहातल्या मुलींचा आहे. माझ्या आजीने घातला होता. तिच्या बहिणीनेपण. त्या पळाल्या, तर याच्यावरून पकडल्या गेल्या. मग आजीची बहीण तिला कधीच भेटली नाही."

मग कुणीतरी टाळी वाजवली, आणि बघता बघता सगळेच वाजवू लागले. पुढच्या रांगांतले लोक माना वळवून आजीकडे पाहत होते. त्यांच्या डोळ्यांत कणव होती. त्या पाववाल्याच्याही डोळ्यांत तेव्हा अशीच होती. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

मुलगा टाळी वाजवत नव्हता.

घरी येईपर्यंत तो चार पावलं पुढेच चालला. दार लावल्यावर म्हणाला, "सगळ्या गावाबरोबर कळलं मला. माझ्याच आईचं."

"तू लहान होतास. पोरांनी चिडवलं असतं तुला."

"आता केस पांढरे झाले माझे, आई! माझी मावशी होती ती."

नात कोपऱ्यात हुंदके देत होती. "आजी, माझं चुकलं का?" आजीला तिला जवळ घ्यावंसं वाटत होतं आणि तिचा रागही येत होता. खोटं 'नाही' तिच्याने म्हणवेना. सुनेनेच मग पोरीला आत नेलं.

दुसऱ्या दिवशी मुलगा कामावर गेला नाही. चहाचे दोन कप घेऊन तो आईसमोर येऊन बसला. बराच वेळ कपाशी चाळा करत राहिला.

"कशी होती ती?" त्याने वर न बघता विचारलं.

"चिमणी? बडबडी होती. अगदी झोपेतसुद्धा..." आजी थांबली. "नाही. झोपेत बोलायची ती पलीकडच्या खाटेवरची मुलगी. चिमणी... थांब हं, सांगते."

तिने डोळे मिटले. मुलगा वाट पाहत राहिला.