लवंगीचा रडण्याचा सीन

लेखिकेच्या मालिकेत आई टिकत नाही, अशी तिची धंद्यात ख्यातीच होती. आईचं काम करणाऱ्या नट्या करारावर सही करण्याआधी विचारायच्या, "संवाद कोण लिहितंय?" आणि हिचं नाव ऐकलं की हसून म्हणायच्या, "मग दुसरं काम बघून ठेवलेलं बरं!" कारण हिच्या हातची आई आज ना उद्या बॅग उचलून निघायचीच. पहिल्या मालिकेत गेली, दुसरीत गेली, आणि या तिसरीतली आज दुपारी जायची होती. पण जाणारी प्रत्येक आई मोठी गुणाची बरं का! कुणाला असाध्य आजार, कुणाला दिराची धमकी, कुणी पोरीच्याच भल्यासाठी काळजावर दगड ठेवून निघालेली. नुसती उठून चालती झाली, अशी एकही नाही.

लेखिकेची स्वतःची आई मात्र नुसती उठून चालती झाली होती. ही तेव्हा सात वर्षांची. आजार नाही, धमकी नाही, एका साध्यासुध्या सकाळी दार ओढून घेतलं आणि गेली. पुढे आत्याने वाढवलं. मुलगी शिकली, लिहायला लागली, नाव झालं. चॅनेलवाल्यांना तर ती फारच आवडायची, कारण तिच्या तोंडून "नाही" हा शब्द कुणी ऐकलेला नव्हता. ऐन वेळी फोन करून सांगा, "बाई, सगळा एपिसोड बदलायचाय," ही म्हणणार, "हो, देते." कुणी विचारावं, "तुम्ही कधी चिडत नाही का हो?" तर ही हसणार. चिडायचं कशाला, कुणावर?

तर आजचा सीन. मालिकेतली आई बॅग घेऊन दाराबाहेर पडते आणि छोटी मुलगी जिन्याच्या पायरीवर उभी राहून बघते, एवढाच. लेखिकेने आधी लिहिलं होतं की मुलगी रडत नाही, नुसती खाली येऊन दाराशी पडलेल्या चपला सरळ लावून ठेवते. चॅनेलवरून फोन आला, "चपला काय लावतेय? रडायला हवी! आई गेली आणि पोरगी रडत नाही, असं कुठे असतं का?" असतं, असं लेखिकेच्या अगदी ओठावर आलं होतं. पण ती म्हणाली, "हो, बदलून देते." आणि चपला गेल्या, अश्रू आले. कागदावर आले म्हणा. सेटवर येईनात, तिथेच तर माशी शिंकली.

कारण मुलीचं काम करत होती लवंगी. खरं नाव वेगळं, पण सेटवर सगळे लवंगीच म्हणायचे. चणीने एवढीशी आणि तोंडाने फटाकडी. पुढचा एक दात हलत होता, तो ती दिसेल त्याला जिभेने हलवून दाखवायची. पाठांतर पक्कं, उभं राहायला जमिनीवर केलेल्या खुणेच्या जागेवरून तसूभर हलणार नाही, दिग्दर्शकाने "कट" म्हटल्याशिवाय नाकावरची माशीही हाकलणार नाही. तशी शिस्तच लावली होती तिला. पण रडायचं म्हटलं की संपलं! पहिल्याच टेकला पडद्यावरची आई बॅग उचलून निघाली आणि लवंगी फिस्सकन हसली.

"काय झालं?" दिग्दर्शकाने विचारलं.

"ह्यांच्या बॅगेत काहीच नाहीये!" लवंगी म्हणाली. "दोन बोटांनी उचलतायत बघा. ही आई कपडे न घेताच चाललीय!"

सगळं युनिट हसलं. मग बॅगेत कुठून तरी आणून दोन विटा भरल्या. नटीबाईंचा खांदा निखळायची वेळ आली, तरी लवंगीचं हसू काही थांबेना. आता तिला बॅगेतल्या विटांचं हसू येत होतं. डोळ्यांत ग्लिसरीन घालावं तर मागच्या वेळी पोरीचे डोळे सुजले होते, तेव्हापासून तिच्या आईने कानाला खडा लावलेला. एपिसोड आजच दाखवायचा होता. चॅनेलचे फोनवर फोन येत होते आणि दिग्दर्शकाचा पारा चढत होता.

लेखिका कॅमेऱ्यामागे उभी होती. उभी कसली, पायाला भिंगरी लागल्यासारखी फिरत होती. वायरी ओलांडून या टोकाला, पुन्हा त्या टोकाला. चहाचा कप हातात घेतला, न पिताच ठेवला. सीन तिचा, अश्रू तिने लिहिलेले, आणि ते न येणंच खरं आहे हेही तिलाच माहीत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

दिग्दर्शकाने तिला बाजूला घेतलं. लवंगीची आई, खरी आई, तिथेच उभी होती. एरवी ही बाई सेटच्या कडेला खुर्ची टाकून दिवसभर बसलेली असायची, मांडीवर लेकीचा स्वेटर आणि पाण्याची बाटली. लवंगी टेक संपला की आधी त्या खुर्चीकडे बघायची, मग दिग्दर्शकाकडे.

"एक हमखास उपाय आहे," दिग्दर्शक म्हणाला. "मागच्या दोन्ही मालिकांत केलाय. आईने थोडा वेळ वर कपडेपटाच्या खोलीत जाऊन बसायचं. आपण पोरीला सांगायचं, आई गेली. बस! धो धो रडतात. टेक झाला की आई हजर, चॉकलेट हजर, पोरं विसरून जातात."

लवंगीच्या आईने पदराशी चाळा करत विचारलं, "फार वेळ नाही ना लागणार हो?"

"छे हो, बसल्या बसल्या तुमचा स्वेटरही विणून होणार नाही!"

"विणत नाहीये मी. तिचाच आहे तो, गार वाटलं तर घालायला," ती बिचारी म्हणाली. मग लेखिकेकडे बघत राहिली, जणू ही बाई शिकलेली आहे, हीच काहीतरी बोलेल. लेखिका वाकून पायातली वायर बाजूला करायला लागली. लवंगीची आई स्वेटर आणि बाटली घेऊन सेटमागचा जिना चढून वर गेली.

"आणि हे तुम्ही सांगायचं," दिग्दर्शक लेखिकेला म्हणाला. "माझं ती ऐकणार नाही, म्हणेल सर चेष्टा करतायत. तुमच्यावर विश्वास आहे तिचा."

अगं, नाही म्हण की! दोन अक्षरं तर आहेत! पण जन्मात कधी न उच्चारलेला शब्द ऐन वेळी येणार कुठून? लेखिका म्हणाली, "बघते."

लवंगी पायरीवर बसून दात हलवत होती. लेखिकेला बघून तिने सरकून जागा केली. "लेखिकामावशी, बघ, आता नुसत्या एका धाग्यावर आहे."

"हो गं," लेखिका म्हणाली. "लवंगी, आई बाहेर गेलीय बरं का."

लवंगीने खुर्चीकडे बघितलं. खुर्ची रिकामी. स्वेटर नाही, बाटलीही नाही.

"कुठे?"

"माहीत नाही."

"कधी येणार?"

आणि लेखिकेने आपल्याच तोंडून ऐकलं, "शहाण्यासारखी राहा हं, म्हणजे येईल."

बोलून गेली आणि मग तिच्या लक्षात आलं. हे वाक्य तिचं नव्हतंच. हे आत्याचं होतं. आई गेली त्या सकाळी, केसांवरून हात फिरवत, अगदी मायेने आत्या हेच म्हणाली होती. बिचारीने पोर गप्प राहावी म्हणून म्हटलं असेल, पण पोर ते धरून बसली. ताटात काही टाकायचं नाही, उलट बोलायचं नाही, हट्ट नाही, रडणं तर नाहीच. रोज संध्याकाळी मनाशी हिशेब, आज आपण शहाण्यासारखं वागलो का? वागलो. मग आई का आली नाही? म्हणजे काहीतरी राहिलंच असणार. उद्या आणखी शहाणं व्हायचं. असं करत करत केस पिकायला लागले, आणि शहाणपण काही सुटलं नाही.

लवंगीने जीभ आत घेतली. तोंड मिटलं. फ्रॉक गुडघ्यांवर नीट ओढून घेतला. केस विंचरणारी मुलगी आली, तेव्हा एरवी "आई गं, ओढू नकोस!" म्हणून सेट डोक्यावर घेणारी ही पोर मान ताठ धरून बसली, आणि शेवटी म्हणाली, "थँक्यू ताई." ती केसवाली चकित होऊन बघतच राहिली. मग लवंगीने उठून दाराजवळ आडव्या पडलेल्या चपला उचलल्या आणि शेजारी शेजारी लावून ठेवल्या.

चपलांचा तो कागद तर लेखिकेने फाडून टाकला होता. पोरीला कुणी सांगितलं नव्हतं.

"अजून रडत नाहीये," दिग्दर्शक पुटपुटला. "चला, घेऊन तर टाकू." दिवे लागले, कॅमेरा सुरू झाला. पडद्यावरच्या आईने विटांची बॅग उचलली आणि ती दाराबाहेर पडली. लवंगी हसली नाही. पायरीवर खुणेच्या जागी उभी राहिली, हात शिवणीला चिकटवून. तिला ठाऊक होतं काम काय आहे ते. रडायचं. सगळे तेच तर सांगत होते सकाळपासून. तिने डोळे ताणले, ओठ दाबले, पुन्हा डोळे ताणले. शहाण्यासारखं काम करायचं होतं. आणि मग आवाज न करता, हुंदका न देता, गालांवरून पाणी यायला लागलं. "आई, जाऊ नकोस," हा संवाद तिने कागदावर होता तसा, शब्दन् शब्द, हळू आवाजात म्हटला.

दिग्दर्शकाने आनंदाने मूठ आवळली. कॅमेरामनच्या डोळ्यांत पाणी होतं. रात्री घरोघरी लोक रडणार होते.

लेखिका मात्र तिथे नव्हतीच. ती सेटमागचा जिना चढत होती. धापा टाकत कपडेपटाच्या खोलीत शिरली. लवंगीची आई हँगरला टांगलेल्या साड्यांच्या रांगेत एका स्टुलावर अंग चोरून बसली होती, आपणच काही चोरी केल्यासारखी.

"उठा," लेखिका म्हणाली.

"झालं का हो?"

"नाही झालं. उठा तुम्ही, चला आधी!" आणि तिचा दंड धरून तिला जवळजवळ ओढतच तिने खाली आणलं.

दोघी दिव्यांच्या कडेशी येऊन उभ्या राहिल्या. लवंगीला आई दिसली. सगळ्यांनी पाहिलं, तिला दिसली. तिचा चेहरा असा काही हलला की बघणाऱ्यांचा श्वास थांबला. पण ती जागची हलली नाही. "कट" कुठे म्हणालं होतं कुणी? आणि जागा सोडली तर? शहाण्यासारखं वागलं नाही तर? समोर पाच पावलांवर आई उभी, आणि पोर थरथरत खुणेवर उभी. तिच्या आईने पुढे पाऊल टाकलं, तर दिग्दर्शकाने मागे न बघताच हात वर केला. थांबा. कुणी काही बोलायचं नाही. असा शॉट त्याला जन्मात मिळाला नव्हता, आणि तो काही आता सोडणार नव्हता. कॅमेरा हळूहळू लवंगीच्या चेहऱ्याकडे सरकायला लागला.

सेटवर एकच माणूस तो शब्द उच्चारू शकतो. बाकी कुणी उच्चारला तर त्याला दारातून बाहेर काढतात, अगदी निर्माता असला तरी चार गोष्टी ऐकवतात.

"कट!" लेखिका ओरडली.

आवाज असा फुटला की तिचाच तिला ओळखू आला नाही. दिग्दर्शक गर्रकन वळला. "कोण? कोण बोललं हे?"

"मी बोलले! कट म्हटलं ना? बंद करा ते! लवंगी, संपलं गं, जा!"

लवंगी सुटली. दोन पायऱ्या एकदम उडी मारून उतरली, वायरीत अडखळली, सावरली आणि आईवर जाऊन आदळली. सगळ्यांना वाटलं, आता मिठी मारेल. कसली मिठी! दोन्ही मुठींनी ती आईच्या पोटावर मारायला लागली. धपाधप, जीव खाऊन.

"कुठे होतीस? कुठे होतीस तू? सांग ना, कुठे होतीस?"

"वर होते गं राणी, वरच होते, तुझ्या डोक्यावरच," आई म्हणत होती, मार खात होती, रडत होती. पोर मारायचं थांबत नव्हती. भोकाड पसरलं होतं तिने. नाक गळत होतं, चेहरा लालबुंद, कॅमेऱ्यात अजिबात चांगली दिसली नसती.

"बाई, उद्यापासून तुम्ही यायचं नाही," दिग्दर्शक दात ओठ खात म्हणाला. "चॅनेलला मी सांगतो. शोभलं का हे तुम्हाला? तुम्हाला?"

लेखिकेने ऐकलं नाही. ती जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली. लवंगीच्या त्या मुठी आईच्या पोटावर पडताना ती बघत राहिली, आणि तिच्या स्वतःच्या मुठी कधी वळल्या तिला कळलं नाही. नखं तळव्यात रुतली. आतून काहीतरी गरम वर येत होतं. रडू असेल असं तिला आधी वाटलं. पण रडू नव्हतं ते. आईला कुठलाही आजार नव्हता, कुणी धमकी दिलेली नव्हती, पोरीच्या भल्याचा तर प्रश्नच नव्हता. ती गेली, कारण तिला जायचं होतं. सात वर्षांच्या पोरीला टाकून गेली. आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच लेखिकेला आपल्या आईचा राग आला.