पश्चात परिवार

मेलेल्या माणसांवर बोलावं तर निकितानंच. देवळाली प्रवरेच्या पंचक्रोशीत कुणी गेलं, की दहाव्याला नदीच्या घाटावर माईक तिच्या हातात यायचा. शाळेत वक्तृत्वाच्या ढाली जिंकल्या, त्याची ही फळं. आवाज असा, की परक्याचाही घसा दाटून यावा. मजकूर मात्र ठरलेला. गेलेला माणूस मनमिळाऊ, कष्टाळू, धार्मिक वृत्तीचा. त्याच्या जाण्यानं कधीही भरून न निघणारी पोकळी. आणि शेवटी, ‘त्यांच्या पश्चात मुलं, सुना, नातवंडं असा मोठा परिवार आहे.’ नाव तेवढं बदलायचं. जन्मभर भावाशी कोर्टात भांडलेला माणूसही तिच्या तोंडून मनमिळाऊ व्हायचा, आणि तोच भाऊ समोर बसून मान डोलवायचा.

तर ही निकिता कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती, आणि तिचा विषय होता स्पेशल इंग्लिश. स्पेशल कसलं डोंबलाचं? वर्गात पोरं बोटावर मोजण्याइतकी आणि सगळ्यांच्या हातात एकच गाईड. मूळ पुस्तकाचं तोंड कुणी पाहिलेलं नाही. यंदा खास अभ्यासाला शोकगीतं होती. निकिता मनात म्हणाली, चला, हा तर आपला घरचाच विषय. सेमिनारला ती उभी राहिली आणि गाईडातलं इंग्रजी घाटावरच्या आवाजात असं काही म्हणाली, की पोरांनी टाळ्या वाजवल्या.

महेंद्र सरांनी वाजवल्या नाहीत. त्यांनी गाईडं दप्तरात घालायला लावली आणि मूळ कविताच ओळीओळीनं वाचून घेतली. आठवडाभर तेच. कुणी एक इंग्रज कवी गेलेल्या मित्रासाठी रडतोय, आणि रडता रडता मित्राला सोडून स्वतःचंच गाऱ्हाणं सांगत बसलाय. निकिताला ते पटेना. गेलेल्याचे गुण तरी कुठं सांगतोय हा, असं तिनं विचारलं.

सर हसले. “गेलेल्याला गुणांचं काय करायचंय आता? शोकगीत मागं राहिलेल्याचं असतं, निकिता. वाचताना एवढंच विचारायचं, इथं कुणाचं काय गेलंय?”

तिला राग आला, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. पुढच्याच दहाव्याला तिची नजर समोर बसलेल्या विधवेवर गेली आणि पाठ असलेलं वाक्य मध्येच अडखळलं. सरांनी आपल्या चालत्या गाडीला खीळ घातली, असं ती आईजवळ कुरकुरली.

आणि मग भागिरथीकाकू गेली. निकिताची सख्खी चुलती, एका भिंतीपलीकडं राहणारी. तोंडानं फटकळ, पण निकिताच्या आईला कामातून सवड नसायची तेव्हा या पोरीला हिनंच भरवलेलं. काकूला दोन मुलगे आणि एक लेक, आरती. आरतीनं राहात्याच्या करणशी कोर्टात लग्न केलं. पोरगा चांगला, पण जात दुसरी. काकूनं त्या दिवशी सांगून टाकलं, की हे नाव या घरात पुन्हा निघायचं नाही. नाही निघालं. शेवटच्या दुखण्यातसुद्धा नाही.

दहाव्याच्या आदल्या दिवशी काकूचा थोरला मुलगा नितीन येऊन बसला. चौकात फ्लेक्स लागलाच होता. शोकाकुल म्हणून भावकीतल्या रांगत्या पोरांचीसुद्धा नावं होती त्यावर, आरतीचं नव्हतं.

“तू बोलशील तसंच बोल,” तो म्हणाला. “फक्त आरतीचं नाव काढू नको. आईला चाललं नसतं.”

निकिता बरं म्हणाली. दुसरं काय म्हणणार? रोज तोंड पाहायचं ते याच घराचं, आणि तिच्या वडिलांनीही नितीनच्याच बाजूनं मान हलवली होती.

सकाळी घाट माणसांनी भरला. आरती आली, करणबरोबर, आणि वर टेम्पो लावले होते तिथंच थांबली. कुणी ये म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. पिंड मांडला. नितीन धास्तावलेला होता. आई हट्टी, कावळा काही लवकर शिवायचा नाही, हे सगळ्यांनीच धरलेलं. धाकट्याला अंतर देणार नाही, म्हैस विकणार नाही, अशी वचनं त्यानं मनात तयार ठेवली होती. तो हात जोडतो न जोडतो तोच कावळा आला आणि घास घेऊन गेला. माणसं सुखावली. म्हातारीचा जीव कशातच अडकला नव्हता, सोनं झालं तिचं, असं जो तो म्हणू लागला.

निकितानं वर पाहिलं. आरतीचा चेहरा पार उतरला होता. तेव्हा हिच्या ध्यानात आलं, की ती कशाच्या आशेनं आली होती. कावळा अडून बसला असता, सगळे उपाय थकले असते, मग कुणीतरी म्हणालं असतं, आरतीला पुढं बोलवा. आईचा जीव आपल्यात अडकलाय, एवढंच तिला चारचौघांत कळायला हवं होतं. कावळ्यानं तेही ठेवलं नाही.

माईक हातात आला. मनमिळाऊ हा शब्द काही तोंडातून निघेना.

“माझी काकू फटकळ होती,” ती म्हणाली. थोडं हसू उमटलं. मग तिनं काकू कशी शिव्या देत देत भरवायची ते सांगितलं, आणि बायकांनी डोळ्याला पदर लावले. शेवटचं वाक्य राहिलं होतं. समोर नितीन बसला होता, शेजारी तिचे वडील. काकूनं जाता जाता लेकीबद्दल काही सांगितलं, असं खोटं बोलता आलं असतं. असली खोटी वाक्यं तिनं कमी का म्हटली होती? पण काकूवर खोटं बोलवेना.

“काकूच्या पश्चात दोन मुलं, सुना, नातवंडं आहेत,” ती म्हणाली. आवाज नेहमीचा घाटावरचा नव्हता, कापरा होता. “आणि लेक आहे, आरती. काकूनं तिचं नाव परत घेतलं नाही. मी घेते.”

वडिलांनी मान खाली घातली. नितीन उठला, तरातरा आला आणि माईक काढून घेतला. आता हा काय बोलतो, म्हणून सगळे त्याच्या तोंडाकडं बघत राहिले.

तेवढ्यात वरून आरतीचा टाहो आला. इतका वेळ ती रडलीच नव्हती. दहाव्याला लेक आली, की बायकांनी उठून तिला गळ्याशी धरायचं, मग तिनं रडायचं, ही रीत. कुणी उठलंच नाही तर ती रडणार कुणाजवळ? नितीनची बायको सीमा उठली. नवऱ्याकडं न बघता पायऱ्या चढून गेली आणि तिनं नणंदेला मिठीत घेतलं. मग साळूबाई उठली, काकूची बहीण, गुडघे धरत. तिच्यामागं बाकीच्या.

नितीन माईक घेऊन तसाच उभा होता. त्याला बोलायचं होतं ते राहून गेलं, आणि त्याचा हुंदका कर्ण्यातून सगळ्या घाटाला ऐकू गेला.