बोर्डाच्या दाराबाहेरची काठी

मित्रांनो, एकेकाळी मी दरेकशाच्या जंगलातली तेंदूची फांदी होते. आता जुनी काठी आहे. दुर्पतानं मला तोडून आणलं, आगीवर शेकून सरळ केलं, तेल पाजलं आणि फौजेतून परतलेल्या नवऱ्याच्या, जंगलूच्या हातात दिलं.

सरहद्दीवरच्या स्फोटात जंगलूचा गुडघा फुटला, डावा कान बहिरा झाला आणि शेजारी उभा असलेला त्याचा जिवाचा दोस्त मंगरू गेला. गेला, असं लोक म्हणतात. धानाच्या बांधावरून चालताना जंगलू अजूनही मंगरूसाठी डावीकडे जागा सोडतो आणि स्वतः चिखलात उतरतो. मग गुडघा सुजतो. खरं सांगते, मला त्या रिकाम्या जागेची भीती वाटते.

अपंगत्वाची पेन्शन ठरवणाऱ्या मेडिकल बोर्डाच्या दिवशी जंगलूनं बूट चमकवले, मिशीला पीळ दिला आणि मला दाराबाहेर टेकवून ठेवलं. साहेबांपुढे काठी टेकत जाणं या फौजीला कसं शोभणार! आत ताठ चालत गेला आणि प्रत्येक प्रश्नाला "ठीक हूँ, साहब" म्हणाला. बोर्डानं गुडघ्याचं थोडं अपंगत्व धरलं, कानाचं धरलं नाही, आणि मंगरूचं तर नावही निघालं नाही.

पुढे एकदा मंगरूच्या मागे जाता जाता जंगलू रेल्वेच्या रुळांवर उतरला. मी रुळाकडेच्या गिट्टीत अडकले, तो बाहेरच्या बाजूला पडला, म्हणून येणाऱ्या गाडीखालून वाचला. दुर्पता हादरून गेली. तिनंच खेपा घालून अपील करवलं, की तिन्ही दुखणी एकत्र तपासा.

पुन्हा बोर्ड बसला. पुन्हा त्यानं मला भिंतीला टेकवलं.

"तिले बाहेर काऊन ठेवून राहिले तुमी?" दुर्पता कडाडली. "गुडघा तरी दिसते. मंगरू कसा दिसन त्यायले?"

मी आत गेले. डॉक्टरांनी विचारलं, "और कोई तकलीफ?"

जंगलूनं मला दोन्ही हातांनी पुढे टेकवलं. "मंगरू है, साहब. धमाके के दिन से साथ चलता है. इसी बहरे कान में बोलता है."

डॉक्टरांनी त्याला खुर्ची दिली आणि सगळं ऐकून घेतलं. निकाल अजून यायचा आहे.

मित्रांनो, काठी दिसली की तुम्ही वाट देता, चांगलं करता. पण काठी बाहेर ठेवून आलेल्या माणसाच्या 'ठीक आहे'वर थांबू नका. अजून काय दुखतं, ते विचारा. त्या दिवशी परतताना जंगलूनं पहिल्यांदाच आपला सगळा भार माझ्यावर टाकला. मी वाकले. एवढं वजन एका माणसाचं नसतं.