चाळिसावी सही

पाच वाजेपर्यंत चाळीस देशांच्या सह्या झाल्या, तरच आमचा ठराव उद्या जागतिक परिषदेत मतदानाला येणार होता. नाही तर वर्षभर बासनात. परदेशात एका शिक्षिकेला तुरुंगात डांबलं होतं. वर्गात वर्तमानपत्र वाचून दाखवलं, एवढाच तिचा गुन्हा. ठराव तिच्या सुटकेचा. तिची धाकटी बहीण सकाळपासून वर गॅलरीत बसून होती आणि मी खाली कागद घेऊन राजदूतांच्या मागे मागे फिरत होते. परराष्ट्र खात्यात लागले तेव्हा वाटलं होतं, भाषणं ठोकू. प्रत्यक्षात चौदा वर्षं लोकांना कॉफीच्या रांगेत गाठतेय.

साडेचारला चाळिसावी सही मिळाली. एका छोट्या बेटाचे म्हातारे राजदूत दारात भेटले. "तुमच्याच सहीची वाट बघतेय," एवढंच मी म्हणाले. त्यांनी चष्मा न लावताच झोकात सही ठोकली.

"झकास! समुद्र वाचलाच पाहिजे," म्हणत ते गेले.

समुद्र? त्यांची गफलत माझ्या लक्षात आली. मासेमारीच्या ठरावाचाही कागद त्या दिवशी फिरत होता.

आमच्या साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "गप्प बस. सही ती सही." माणूस वाईट नाही, पण घायकुतीला आला की असं बोलतो.

"साहेब, फसवून घेतलेल्या सहीवर त्या बाईंना सोडवायचं, हे मला नाही जमणार."

"मग तुझं तू निस्तर!"

म्हातारबुवा लिफ्टपाशी सापडले. धापा टाकत सगळं सांगितलं आणि सही खोडायला वर पेनही दिलं. अशी शहाणी मी एकटीच. त्यांनी चष्मा लावून अख्खा ठराव उभ्याउभ्या वाचला. मी घड्याळाकडे बघत मनातल्या मनात त्यांना शिव्या घालत होते.

"तीस वर्षांत सही मागायला शेकड्यांनी आले," ते म्हणाले. "परत द्यायला आलेली तू पहिली, पोरी. सही राहू दे. आणि चल, आमचे बाकीचे बेटवाले चहा ढोसत बसलेत, त्यांना उठवू."

पाचाला पाच मिनिटं कमी असताना सेहेचाळीस सह्या झाल्या. साहेब भर हॉलमध्ये चक्क नाचले. मला इतका आनंद झाला होता की जिना कसा चढले ते आठवत नाही. बहिणीसमोर तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. ती घाबरली. मी नुसता कागद तिच्या हातात दिला.

ती एकेका देशाचं नाव बोट ठेवून वाचत गेली. कितीतरी नावं तिने पहिल्यांदाच ऐकली असणार. शेवटी तिने विचारलं, "या सगळ्यांना माझी ताई माहीत आहे?"

"आता आहे," मी म्हणाले.